गॅलरीची सावली

१

दुपारचं जेवण आटोपलं की सुनंदा वरच्या गॅलरीत जाऊन उभी राहायची. सुनंदा म्हणजे माझी बायको. खाली भाजीवाल्याची हाक आली की ती दोरीला बांधलेली छबडी खाली सोडायची. छबडी म्हणजे बांबूची टोपली, आमच्या माळव्यात तिला असंच म्हणतात. भाजीवाला भाजी टाकायचा, ही वर ओढून घ्यायची, एकेक गिलकं, म्हणजे घोसाळं, दाबून बघायची आणि मनास न आलेलं परत खाली धाडायची. भावही वरूनच ठरायचा. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच. दुपारी बघाल तर दोन्ही बाजूंनी टोपल्या वर-खाली होत असत.

मी फार शिकलो नाही. इंदुरात कापड मार्केटात एका दुकानावर जन्मभर कापड फाडलं. पण या गल्लीत राहायला मिळालं याचं मला कायम अप्रूप वाटत आलं. राजवाडा जसा खाली दगडाचा आणि वर लाकडाचा, तशीच बडा गणपतीच्या अलीकडची आमची घरं. खाली काळ्या दगडाचा ओटा, वर सागवानी गॅलरी. कुणाच्या गॅलरीखालच्या टेकूंवर हत्तीची सोंड कोरलेली, आमच्या टेकूंवर पोपट. समोरच्या जैनांच्या घराला रंगीत काचा. संध्याकाळी त्यांचा लाल-हिरवा उजेड आमच्या भिंतीवर यायचा, तो आम्हाला फुकटात. आमच्या घराचं तोंड दक्षिणेला. लोक नावं ठेवत. वडील म्हणायचे, ऊन तर पोटभर मिळतं ना.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, आम्ही त्या गॅलरीतून बघितली. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, बघायला जाताना लोक खालून हात करायचे. मुलगा सुजय त्या कठड्याला धरून उभा राहायला शिकला.

आणि माझी आई, गंगूबाई, तिथेच गेली. दुपारची छबडी सोडायला उभी राहिली, खांबाला टेकून खाली बसली, ती बसलीच. तोवर सुनंदा तिच्या मागे उभी राहून दोरीचं टोक धरायची. त्यानंतर छबडी सुनंदाच्या हातात आली.

आईची एक खूण सांगून ठेवतो. तिची उजवी करंगळी जात्यात सापडून वाकडी झाली होती. वरच्या मजल्याची जमीन तेव्हा मातीची होती, आई ती शेणाने सारवायची. सारवणात तिच्या बोटांचे अर्धगोल उठायचे. तीन रेघा बरोबर चालायच्या आणि चौथी बाहेर पळायची. लहानपणी त्या चौथ्या रेघेवर बोट ठेवून मी निजायचो.

२

मग रस्ता रुंद झाला. भिंतीवर लाल रंगाची खूण आली आणि खुणेच्या पुढचं सगळं गेलं. आमचा ओटा गेला, गॅलरी गेली. पोपटांचे टेकू ट्रॉलीत पडताना मी बघत होतो. पण गॅलरीमागची भिंत वाचली, खोल्या वाचल्या. कितीकांच्या तर निम्म्या खोल्या गेल्या. मी देवापुढे साखर ठेवली.

राहिलं ते वरचं दार. ज्या दारातून गॅलरीत जायचो ते तिथेच राहिलं, पण त्याच्यापलीकडे आता काही नव्हतं. दार उघडलं की सरळ खाली डांबरी रस्ता. सुजयने कडी घातली, मोठं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. ती मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो.

एवढी काळजी कशाला, तर सुनंदासाठी. तिला अलीकडे आठवत नाही. म्हणजे जुनं सगळं आठवतं, नवं टिकत नाही. गॅलरी पाडली तेव्हा ती माझ्या शेजारी उभी राहून रडली होती. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर उठली आणि छबडी घेऊन दाराकडे गेली. मी सांगितलं, गॅलरी नाही आता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं खोटं वाटलं. रोज हेच. रोज मी तिचा हात धरून तिला परत पलंगावर आणतो. ती रागावत नाही. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणते आणि निजते.

सुजय आणि सून शिवांगी दोघं नोकरीला. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

एक दिवस संध्याकाळी शिवांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, गिलकी मस्त आणलीत हं. एकदम ताजी."

मी गिलकी आणली नव्हती. मला वाटलं होतं, तिनेच आणली. स्वयंपाकाच्या ओट्यावर छबडी होती, त्यात गिलकी आणि वर पालकाची जुडी. पालकाला अजून पाणी होतं.

मी पालक निवडायला घेतला. म्हटलं, माझंच वय झालंय. आणली असतील मी, विसरलो असेन. एका घरात एक विसरतो तर दुसरा का विसरणार नाही?

३

पण पुढेही भाजी येत राहिली. कधी मेथी, कधी बालम काकडी. दुपारी माझा डोळा लागायचा तेवढ्यात. मी सुनंदाला विचारलं, भाजी कुठून आणलीस? ती म्हणाली, कुठून म्हणजे, ठेल्यावरून. जिन्याच्या दाराला आतून खिट्टी असते, ती काढायला तिच्या बोटांना जमत नाही. तरी मी समजूत घातली, जमली असेल एखादे दिवशी. खाली जाऊन आली असेल.

मग मी भाजीवाल्यालाच विचारायचं ठरवलं. एका दुपारी सुनंदाला निजवून खाली उतरलो. ठेला आमच्याच घरासमोर उभा होता. भेरूलाल त्याचं नाव, हातोदकडचा. जुना भाजीवाला थकून घरी बसला आणि हा नव्यानेच या गल्लीत यायला लागला होता. रस्ता रुंद झाल्यानंतर.

त्याने राम राम केला. मी विचारलं, आमच्या घरी भाजी कोण नेतं?

"आपके यहाँ तो माई ऊपर से ही ले लेती हैं बाऊजी," तो म्हणाला. "छबड़ी डाल देती हैं. बड़ी पक्की हैं हिसाब की. एक भी गिलकी नरम नहीं चलती उनको."

मी विचारलं, वरून म्हणजे कुठून?

तो हसला. म्हाताऱ्याची गंमत वाटली असेल त्याला. "गैलरी से, और कहाँ से. धूप की चौंध में चेहरा नहीं दिखता पूरा. पर दोनों खड़ी रहती हैं."

"दोघी?"

"एक तो ये माई. और एक पीछे वाली, बूढ़ी माई. वो बोलती नहीं. बस इनकी कोहनी पकड़ के खड़ी रहती हैं."

मी वर पाहिलं. सपाट भिंत, तिच्यात कुलूप लावलेलं दार, आणि दाराखाली टेकू उपटल्याच्या खोबणी. दुसरं काही नाही.

मला वाटलं, याची भूल आहे. उन्हात फिरतात बिचारे, डोकं तापतं. दुसऱ्या कुठल्या घराचं याच्या मनात बसलं असेल. असं मनाशी म्हणत मी खाली बघितलं आणि मग मला ते दिसलं. कितीतरी दिवस समोर असून दिसलं नव्हतं.

भेरूलालचा ठेला सावलीत उभा होता.

भर दुपार. पूर्ण रस्ता उन्हाने पांढरा. कुठल्याच बाजूला ना झाड, ना छप्पर. आणि आमच्या भिंतीला लागून रस्त्यावर सावलीचा एक लांब पट्टा. त्याच्या कडेला कठड्याच्या गजांची नक्षी, आणि दोन टोकांना चोची.

"छाया अच्छी है यहाँ," भेरूलाल पालकावर पाणी मारत म्हणाला. "पूरी गली में यहीं मिलती है. भगवान भला करे आपका."

४

वर जाऊन मी कुलूप ओढून पाहिलं. घट्ट. किल्ली खिशात. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ यायची ती जमिनीवर असायला हवी होती. नव्हती. फटीपलीकडे काहीतरी आडोसा असावा तशी खोली सावळी होती.

मी कान लावला. तुम्ही लाकडी गॅलरीच्या घरात राहिला असाल तर तुम्हाला तो आवाज माहीत असेल. माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर आला की फळी जी बारीक कुरकुरते, तो. मी तो जन्मभर झोपेतही ऐकलाय. तो मला ऐकू आला. सुनंदा तर माझ्यामागे पलंगावर निजलेली होती.

मी दारापासून मागे झालो आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिलो.

मला भीती कशाची वाटली ते नीट सांगतो. आईची नाही. आईची भीती कशी वाटेल? पण गेलेलं माणूस कोपर धरतं तेव्हा ते सावरायला धरतं की न्यायला, हे आपल्याला कळत नाही. सुनंदा आईची फार लाडकी होती. आई एकटीच होती इतकी वर्षं. आणि मलाही सुनंदाशिवाय कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी सुजयला एवढंच सांगितलं, की तुझी आई दाराशी फार जाते. तो आधीच धास्तावलेला. म्हणाला, "बाबा, ते दार आपण विटांनी चुनून टाकू. एक दिन का काम है. कधी किल्ली तुमच्याकडून राहिली, आईने दार उघडलं, तो क्या करेंगे आपण?"

शिवांगीने माझ्या ताटात पोळी वाढली आणि हळूच म्हणाली, बाबांनाही आता रोज-रोज राखण जमत नाही. खरंच होतं ते. मी हो म्हटलं. गवंडी परवा येणार असं ठरलं.

५

मधल्या दुपारी मी झोपायचं नाही असं ठरवलं. दार आणि पलंग यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो. सुनंदाचं तोंड भिंतीकडे. पंखा फिरत होता. खाली कुठेतरी जलेबीच्या कढईवर झारा आपटत होता. मी डोळे मिटले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त जैनांच्या काचेवरून ऊन चमकलं म्हणून पापणी लवली.

पलंग रिकामा होता.

माझ्यामागून वारा आला. मी वळलो. कुलूप कडीत तसंच बंद लटकत होतं आणि दार उघडं होतं. या दोन गोष्टी एकदम कशा, ते मला विचारू नका.

सुनंदा बाहेर उभी होती. उंबऱ्याच्या पलीकडे, पाठमोरी, हातात दोरी. तिच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता. काठाखाली तिच्या टाचा. टाचांखाली मला खूप खोल रस्ता दिसत होता, ठेला दिसत होता, भेरूलालच्या डोक्यावरचं फडकं दिसत होतं.

आणि फळी कुरकुरली.

ओरडावं असं पोटातून आलं. पण ओरडलो तर ती दचकेल, मागे वळेल. मी कापड मार्केटात हळू बोलण्याबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली. मालक म्हणायचे, दौलतराव, तुमचं वाक्य संपेतो गिऱ्हाईक घरी पोचतं. त्या दिवशी त्या हळूपणाचे मी आभार मानले. मी खुर्चीतून न उठता रोजच्या आवाजात म्हटलं,

"काय घेतेस गं?"

"बालम काकडी," ती न वळता म्हणाली. "आत्याबाई म्हणतात, शेवटची आहे. आता सीझन संपला."

आत्याबाई म्हणजे माझी आई. सुनंदा सासूला याच नावाने हाक मारायची.

"आत्याबाई अजून काय म्हणतात?"

तिने कुणाचं तरी ऐकावं तशी मान कलती केली. "म्हणतात, चल आता. ऊन उतरलं."

कुठे चल, हे तिने सांगितलं नाही. मी उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो, कारण पुढे पाय टाकायला मला जागा दिसत नव्हती. तिला होती, मला नव्हती. मी हात लांबवला तरी बोटं तिच्या पदरापर्यंत पोचेनात.

मग मी दाराच्या चौकटीला धरून, माझ्या लहानपणी आई ज्या बाजूला बसायची त्या बाजूला बघून बोललो. तिथे मला ऊन दिसत होतं फक्त.

"आई," मी म्हटलं, "तू इतके दिवस हिला धरलंस. मला कळलं नाही. तुझे उपकार झाले. आता अजून थोडी माझ्यापाशी राहू दे."

खाली ठेल्याची घंटी वाजली. भेरूलाल पुढे निघाला असावा. सुनंदाने छबडी वर ओढली, हात बदलत, सावकाश, जशी नेहमी ओढते तशी. काकडी दाबून पाहिली. आणि ती वळली.

ती वळताना तिच्या कोपरावर मला एक हात दिसला. मनगटापर्यंतच. हिरव्या बांगड्या. त्या हाताने तिला घराकडे वळवलं, उंबऱ्याशी आणलं, आणि पाठीला हलकं लोटलं, सून पहिल्यांदा घरात येताना लोटतात तसं. त्या हाताची करंगळी वाकडी होती.

सुनंदा माझ्या अंगावर आली. अंग उन्हाने तापलेलं, खरं, जड. मी तिला धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

"काय झालं तुम्हाला," ती म्हणाली. "काकडी चेंगरेल."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दार बंद होतं.

६

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विटा रचल्या, आतून गिलावा केला, चौकट तेवढी काढून भिंतीला टेकवून ठेवली. बाहेरची बाजू उघडीच राहिली. तो म्हणाला, बाहेरून प्लास्टर करायचं तर परांची बांधावी लागेल, खालून शिडी पोचणार नाही. दिवाळीनंतर येतो. सुजय म्हणाला चालेल, विटा दिसल्या तर दिसू दे.

सुनंदाने हे सगळं पलंगावरून पाहिलं. मला धाकधूक होती, रडेल म्हणून. ती फक्त म्हणाली, "आत्याबाईंना सांगितलंत ना?"

मी म्हटलं, सांगितलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी दूध घ्यायला खाली उतरलो. ऊन नुकतंच भिंतीवर आलेलं. मी वर पाहिलं.

विटा दिसत नव्हत्या. नव्या विटांवर बाहेरून लेप बसला होता, ओला, गडद. थापीचा नव्हता. हाताचा होता. अर्धगोलाला अर्धगोल लावून, वरून खालपर्यंत, एकही जागा न सोडता सारवलेलं. आणि खाली रस्त्यावरूनही दिसत होतं की प्रत्येक अर्धगोलात तीन रेघा बरोबर जातात आणि चौथी बाहेर पळते.

दुधाची पिशवी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. सुजय ऑफिसला निघाला तेव्हा त्यानेही पाहिलं. म्हणाला, "गवंडी परत येऊन करून गेला वाटतं. फिनिशिंग नाही याच्या हाताला." आणि गाडीला किक मारून गेला. गवंड्याला पुढे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ते दार आम्ही आतून बंद केलं होतं. आईने तिच्या बाजूने बंद केलं.

आता सुनंदा दुपारी उठत नाही. छबडी मागत नाही. जेवण झालं की माझ्या शेजारी पाय पसरून बसते आणि गेरच्या गोष्टी सांगते, कुणाच्या अंगावर कुठला रंग पडला होता ते. त्याच त्या गोष्टी. मी त्या पहिल्यांदा ऐकाव्यात तशा ऐकतो. कितीदा ऐकायला मिळतील ते आपल्या हातात नाही.

भाजी आणायला मीच खाली जातो. ठेला अजून तिथेच उभा असतो, त्याच सावलीत. मी त्या पट्ट्यात पाय ठेवायच्या आधी चपला काढतो. भेरूलालला वाटतं मला चपला चावतात.

काल गिलकी निवडत होतो. त्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"बाऊजी, आजकल ऊपर एक ही माई दिखती हैं. बूढ़ी वाली. दूसरी कहाँ गईं?"

मी वर पाहिलं नाही. एक चांगलं घट्ट गिलकं निवडून ठेल्याच्या कडेला, सावलीच्या आत ठेवलं.

"घरात आहे," मी म्हटलं.